ठेंगणीचं गिऱ्हाईक

४ मार्च

धाकट्या वन्सं,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन हॉलमध्ये आणि तुझे दादाही दिवसभर हॉलमध्येच. चष्म्याचं दुकान भाच्याच्या हाती दिल्यापासून यांना तीच एक जागा उरली आहे. तोंड वर्तमानपत्रात खुपसलेलं असलं तरी कान इकडेच असतात, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

गुडघा छान आहे. नवा गुडघा जुन्यापेक्षा शिस्तीचा निघाला, सांगावं तेवढंच वाकतो. डॉक्टरांनी एकच अट घातली आहे, खुर्चीपेक्षा खाली बसायचं नाही. हे ऐकल्यावर तुझे दादा घरी येताच आधी गॅरेजात जाऊन आले. रात्री पानावर बसल्यावर म्हणाले, "मी ठेंगणी विकतो."

ठेंगणी तुझ्या लक्षात असेलच. विलायतेत कुणा दोन भावांनी शेडमध्ये पत्रा हातानं ठोकून मोजक्याच स्पोर्ट्स कार बनवल्या आणि मग, माझ्या मते शुद्धीवर येऊन, कारखाना बंद केला. त्यातली ही एक कुठून कशी फिरत आपल्या गॅरेजात येऊन पडली आणि लग्नानंतर मला कळलं की या घरात माझ्या आधीच एकीचा गृहप्रवेश झालेला आहे. दोनच माणसं बसतात, तीही जमिनीला टेकल्यासारखी. शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक आपल्या डोक्याच्या वर.

हे म्हणाले, "तुला आता तिच्यात बसता येणार नाही. मग मी एकटाच कुठे जाऊ? आणि तसंही तुला ती कधी आवडली नाही." त्या गाडीला नावं ठेवण्यात मी आजवर कसूर केलेली नाही, तू साक्षीला आहेस.

तर आनंदाचीच बातमी म्हणायची. गॅरेज मोकळं होईल, फरशीवर तेल ठिबकणार नाही, घरातले निम्मे टॉवेल परत टॉवेल होतील. तुझ्या ओळखीत कुणी गिऱ्हाईक असलं तर कळव, असं हे म्हणाले म्हणून लिहिते. अर्थात घाई नाही. मुळीच घाई नाही. पुढच्या वर्षी कळवलंस तरी चालेल.

तुझी वहिनी


९ मार्च

वहिनी,

अखेर जिंकलीस! इतक्या वर्षांच्या तुझ्या तपश्चर्येला फळ आलं. आणि धाकटी नणंद काय चीज आहे ते आता बघ. गिऱ्हाईक मिळालं!

तेही माझ्या दवाखान्याच्या खुर्चीतच. आमच्या चौकातले बेकरीवाले दाढ दुखते म्हणून आले होते. दाढ कोरताना मी फार बोलते हे तुला माहीत आहे. उलट उत्तर देणार नाही असा माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार? बोलता बोलता ठेंगणीचं खरं नाव, ते दादा छाती फुगवून घेतो ते, माझ्या तोंडून गेलं आणि हा गृहस्थ ताडकन उठून बसला. यंत्र माझ्या हातात फिरत होतं. जीभ वाचली ती त्यांच्या नशिबानं.

तोंडात कापूस घेऊन त्यांनी मला पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यांच्याकडे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार दोन आहेत. एक चालते आणि दुसरी चालेल, असं ते म्हणतात. त्यांचं एक मंडळही आहे. रविवारी सकाळी सगळे मैदानावर जमतात, बॉनेट उघडतात आणि हात मागे बांधून आत बघत उभे राहतात. दुपार झाली की बॉनेट लावून घरी जातात. ठेंगणीसारखी गाडी या मंडळींनी फक्त फोटोत पाहिली आहे. बेकरीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दाढेमुळे नव्हतं, कारण दाढ मी बधिर केली होती.

मी लगेच दादाला फोन करून टाकला. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी ते गाडी बघायला येताहेत. दादा फोनवर नुसता "बरं" म्हणाला. तुला मात्र आता गॅरेजात वाळवणाला जागाच जागा!

तुझी लाडकी (आता तरी म्हण)


१२ मार्च

वन्सं,

घाई नाही, असं मी लिहिलं होतं. पुन्हा मुळीच घाई नाही, असंही लिहिलं होतं. लोकांचे दात बघता बघता तुझे डोळे गेले का गं?

आता स्पष्टच लिहिते. मला ठेंगणी विकायची नाही. विकली तर मला फार वाईट वाटेल. झालं, लिहून टाकलं, आणि लिहिताना कान गरम झाले.

तुला वाटेल वहिनीचं डोकं फिरलं. पण तुझे दादा घरात कसे असतात ते तू जाणतेस. "मीठ दे", "लाइट बंद कर", "बरं". एवढ्यावर संसार चालतो. पण ठेंगणीत बसलं की तिच्या आवाजात आणि वाऱ्यात काही ऐकूच येत नाही, म्हणून बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि ओरडताना माणसाला आडपडदा ठेवता येत नाही. मुलगी झाली तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता ते यांनी मला घाटाच्या वळणावर ओरडून सांगितलं होतं, ती चांगली चार वर्षांची झाल्यावर. दुकान चालेनासं झालं होतं तेव्हा भीती वाटते असंही तिथेच ओरडले. घरी आल्यावर पुन्हा "मीठ दे". मी गाडीला नावं ठेवत आत बसायची, पण बसायची की नाही? कधी एकदा तरी "मी येत नाही" म्हटलेलं आठवतं का तुला?

तू म्हणशील, मग सांग ना त्यांना. सांगितलं. परवा म्हटलं, "राहू द्या हो गाडी." तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू नेहमी दुसऱ्याचाच विचार करतेस." आता बोल! मी जितकं नको म्हणेन तितकं त्यांना वाटणार की ही माझ्यासाठी मन मारते आहे. इतकी वर्षं गाडीची निंदा करून मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे.

तेव्हा तूच निस्तर. त्या बेकरीवाल्यांना ठेंगणीचे सगळे अवगुण सांग. एकही लपवू नकोस. गिऱ्हाईक आपण होऊन पळालं तर कुणाचंच मन मोडायला नको.

वहिनी


१६ मार्च

वहिनी गं,

आधी माफ कर. तुझं पत्र मी दोन पेशंटांच्या मध्ये वाचलं आणि दुसऱ्या पेशंटला वाटलं, बाई आपल्या दाढा बघूनच हळहळल्या.

पण एक घोटाळा झाला आहे. बेकरीवाले काल दाढ भरायला आले. मी चंगच बांधला होता. म्हटलं, गाडीतून तेल गळतं हो फार. खाली ट्रे ठेवावा लागतो. तर डोळे मिटून समाधानानं हसले आणि तोंडातला कापूस बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे इंजिन कुणी उघडलेलं नाही!"

म्हटलं, छत लावायला इतका वेळ लागतो की तोवर पाऊस थांबतो. ते म्हणाले, "मूळचंच छत आहे? कापडाचं?" म्हटलं, हॉर्न वाजवला की दिवे जातात. त्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, या मॉडेलचं हे आम्ही फक्त ऐकून होतो."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, आतला सांगाडा चक्क लाकडाचा आहे, केव्हा भुसा होईल नेम नाही. वहिनी, त्यांनी खुर्चीतूनच बेकरीत फोन लावला आणि रविवारची भट्टी जावई बघतील असं सांगून टाकलं.

हे लोक आपल्यासारखे नाहीत गं. आपण ज्याला खोट म्हणतो त्याला हे अस्सल म्हणतात. मी हात टेकले. आता तूच बघ, समोरासमोर काही जमतं का.

तुझी नालायक नणंद


२४ मार्च

वन्सं,

येऊन गेले तुझे बेकरीवाले. माणूस लाख चांगला आहे, हेच मोठं संकट आहे. हातात गरम पावाची पिशवी, डोक्यावर चौकड्यांची टोपी. घरात यायच्या आधी गॅरेजच्या दारात चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, तिथे तेल आहे." म्हणाले, "म्हणून तर."

तू हरलीस तरी मी हरणार नव्हते. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापकी केली आहे, पालकांचं तोंड बंद करता येतं तर गिऱ्हाईकाचं का नाही? मी गाडीभोवती त्यांच्या बरोबर फिरले. म्हटलं, हा डावीकडचा मडगार्ड बघा, उजव्याशी जुळत नाही, एक फुगीर आणि एक चपटा. ते गुडघ्यावर बसले, दोन्हींवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "थोरल्या भावाचा हात डावीकडे, धाकट्याचा उजवीकडे. बाई, तुमची नजर काय तयार आहे!" मी म्हटलं, पाय ठेवायची जागा उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. तर यांच्याकडे वळून म्हणाले, "इतकं बारकाईनं सांगणारी माणसं मंडळातसुद्धा नाहीत." मी जे तोंडातून काढीन त्यानं गाडीचा भाव चढत होता. शेवटी मी गप्प बसले, तर म्हणाले, "बाईंना वाईट वाटतंय का?" आणि तुझे दादा म्हणाले, "छे, तिला कधीच आवडली नाही."

मग दोघं गाडीखाली शिरले. बाहेर चार पाय दिसत होते आणि आतून बोलण्याचा आवाज. इतक्या वर्षांत यांना गाडीवर मनापासून बोलणारं कुणी भेटलंच नव्हतं गं. चहा दोनदा गार झाला. बाहेर आले तेव्हा हे हसत होते आणि हात पुसता पुसता एकदम हसायचे थांबले. व्यवहार ठरला. येत्या रविवारी बेकरीवाले येऊन गाडी चालवत घेऊन जाणार.

रोज सकाळी हे गाडी पुसतात. पुसलेलीच पुन्हा पुसतात. काल मी गॅरेजात गेले तर माझ्या बाजूच्या सीटवर हात ठेवून उभे होते. मला बघून म्हणाले, "शिवण उसवली आहे का बघत होतो." शिवण काही उसवलेली नव्हती.

मी अजून हात टेकलेले नाहीत. एक गोष्ट सुचली आहे. ती तुला लिहीत नाही, कारण तुझ्या खुर्चीत कोण येऊन बसेल आणि तू काय बोलून जाशील याचा भरवसा नाही.

वहिनी


१ एप्रिल

वहिनी,

काय केलंस तू?

आज बेकरीवाले दाढ दाखवायला आले. मी विचारलं, आणलीत का गाडी? तर हसायलाच लागले. तोंड उघडं ठेवा म्हटलं तर हसण्यानं मिटतंय, मिटा म्हटलं तर हसण्यानं उघडतंय. दाढ राहिली बाजूला. गाडी आणलेली नाही, एवढंच कळलं. पुढे विचारलं तर कानावर हात. म्हणाले, "ते तुमच्या वहिनींनीच सांगावं. त्यांना माझा नमस्कार कळवा, आणि सांगा की बेकरीतल्या दोन फळ्या गुरुवारी पाठवतो."

कसल्या फळ्या? दादाला फोन केला तर तो म्हणतो, "बरं आहे सगळं," आणि मागे तू हसत होतीस. मी इथे जीव मुठीत धरून बसले आहे. ताबडतोब लिही, नाहीतर पुढच्या गाडीनं येते.

नणंद


५ एप्रिल

माझ्या अतिउत्साही वन्सं,

ऐक सगळं.

ठेंगणीच्या इंजिनात एक काळी टोपी असते, तिच्यातून वायरी निघतात. त्या टोपीखाली बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा एक तुकडा गरगर फिरतो, त्याला रोटर म्हणतात. तो नसला की डोकं आपटलं तरी गाडी सुरू होत नाही. आम्ही बाहेरगावी गेलो की गाडी कुणी पळवू नये म्हणून हे तो काढून माझ्या पर्समध्ये टाकायचे. काढायचा कसा आणि बसवायचा कसा, हे बघून बघून मला पाठ झालं होतं. रविवारी सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी गॅरेजात गेले. दोन चिमटे काढले, टोपी उचलली, रोटर पर्समध्ये टाकला, टोपी परत बसवली. नवा गुडघा असून मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मला वाटलं होतं, गाडी सुरू होणार नाही, गिऱ्हाईक चिडेल, परत जाईल. माझी अक्कल एवढीच.

बेकरीवाले आले. किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खोकत राहिलं. चिडणं दूरच, तो माणूस टोपी मागे सारून आनंदानं म्हणाला, "वा, नखरे पण करते!" दोघांनी बॉनेट उघडलं. यांनी पेट्रोल बघितलं, वायरी बघितल्या, मग ती काळी टोपी उचलली. आत बघितलं. बोट फिरवून खात्री केली. बेकरीवाल्यांनीही मान वाकवून आत बघितलं. मी दारात उभी होते, चेहऱ्यावर मुख्याध्यापिकेचा भाव आणून.

हे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुझी पर्स कुठे आहे?"

वन्सं, आयुष्यात किती मुलांच्या खिशातून मी काय काय काढलं असेल. पण माझी पर्स अशी कुणी मागितली नव्हती. मी म्हटलं, "पर्सचा इथे काय संबंध?" तर बेकरीवाले म्हणाले, "साहेब, चोर गाडी नेतो, रोटर नेत नाही. आणि ज्याला गाडी जायला हवी असते तो तिची अशी नाडी काढून ठेवत नाही. ज्याला ती घरात राहायला हवी असते तोच ठेवतो." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही मागच्या वेळी मडगार्ड दाखवलात ना, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. नावडत्या गाडीचं इतकं कुणी बघत नाही."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाले, "पण तू तर... तुला तर ती..." मी म्हटलं, "हो, नावं ठेवते. तुम्हालाही ठेवते. तुम्हाला विकायला काढलं का मी?"

बेकरीवाले इतके हसले की त्यांना फूटबोर्डावर बसावं लागलं. मला मात्र रडूच फुटलं. गॅरेजात, त्या तेलात उभी राहून मी यांना सांगितलं की मी मन मारून बोलत नाही, मला ही गाडी हवी आहे, मला त्या सीटवर बसायचं आहे, आणि माझ्यासाठी म्हणून ती विकणार असाल तर आधी मला विचारायला काय झालं होतं? हे म्हणाले, "तुला बसता येणार नाही म्हणून..." मी म्हटलं, "बसल्यावर पाय सरळ लांब सुटतात हो, गुडघ्याला त्याहून सुख नाही. अडचण आहे ती वाकायची आणि उठायची, एवढीच." डॉक्टरांना हे विचारायचं यांना सुचलं नाही आणि मला सुचलं तर आपण ते बोलून कसं दाखवायचं म्हणून मी बसून राहिले. दोघंही सारखेच.

यावर तोडगा बेकरीवाल्यांनीच काढला. त्यांच्या बेकरीत पिठाची पोती ढकलत न्यायला जाड फळ्या आहेत. त्यांनी गुरुवारी दोन फळ्या पाठवल्या आणि खाली विटा रचून त्या कशा टेकवायच्या तेही कळवलं. ठेंगणी फळ्यांवरून हळूच वर चढते, मी खाली अंगणात उभी राहते, आणि सीट बरोबर खुर्चीच्या उंचीवर येते. मागे टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. डॉक्टरांनी स्वतः येऊन बघितलं आणि परवानगी दिली. बेकरीवाल्यांनी विकत घेण्याचा विषयच सोडून दिला आहे. महिन्यातून एक रविवार यांनी ठेंगणी घेऊन मंडळात यावं आणि बॉनेट उघडून उभं राहावं, एवढंच मागितलं. यांनी लगेच "हो" म्हटलं, "बरं"सुद्धा नाही. मंडळातल्या बायका म्हणे एका बाजूला खुर्च्या टाकून बसतात आणि गाड्यांना नावं ठेवतात. मला तिथे जड जाणार नाही.

आणि काल आम्ही फिरायला गेलो. छत काढून. शहराबाहेरचा तो लांब सरळ रस्ता आहे ना, तिथे. रस्ता मोकळा झाला तसा यांनी वेग वाढवला. मग समोर बघत ओरडले, "तू शेजारी नसलीस तर मला ही गाडी नकोच होती!"

मी ओरडले, "काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं. मी कानाला हात लावला आणि मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मग त्यांनी गाडी जराही हळू न करता, मानेच्या शिरा ताणून, तिसऱ्यांदा सांगितलं. शेतात काम करणाऱ्या माणसानंसुद्धा मान वर करून बघितलं.

पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, वन्सं.

तुझी वहिनी